क्वांटम संगणक : नाव मोठे, काम कोणते?



'क्वांटम' हा शब्द अलीकडे वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर वरचेवर दिसू लागला आहे. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली आणि त्यासाठी ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांची तरतूद केली. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष क्वांटम विज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. एवढा पैसा आणि एवढा गाजावाजा ज्याच्या नावाने होतो ती वस्तू आहे तरी काय, ती आपल्या शेतीच्या उपयोगाची आहे काय, आणि असली तर केव्हा, हे शेतकऱ्याच्या घरातही कळायला हवे. कारण ज्या शब्दाचा दबदबा आहे पण अर्थ कुणाला ठाऊक नाही, तो शब्द बाटलीवर छापून माल खपवणारे लोक निघतातच. त्यांचा पहिला गिऱ्हाईक शेतकरी असतो.

विषय थोडा अवघड आहे. पण ज्या घरात खताच्या मात्रा, ठिबकचा दाब आणि बाजारभाव यांचे हिशेब रोज होतात, त्या घराला तो समजणार नाही असे मानण्याचे कारण नाही. शाळा-कॉलेजात जाणारी मुले-मुली घरी असतील तर त्यांनाही जवळ बसवून हा लेख वाचावा.

दूध आणि अंडी

दूध हवे तेवढे मोजून देता येते. लिटरभर द्या, पावशेर द्या, चमचाभर द्या. अंड्याचे तसे नाही. एक, दोन, तीन असेच द्यावे लागते. अर्धे अंडे विकता येत नाही. उष्णता, प्रकाश या रूपांतली ऊर्जा दुधासारखी सलग वाहते, असे शास्त्रज्ञ पूर्वी समजत होते. १९०० साली जर्मनीतील मॅक्स प्लांक यांनी दाखवले की, तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रकाशाचा हिशेब लावायचा तर ऊर्जा अंड्यांसारखी नगानगाने दिली-घेतली जाते असे मानावे लागते. या एका नगाला 'क्वांटम' म्हणतात. मराठीत त्याला 'पुंज' असा शब्द आहे. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी प्रकाशही अशाच पुंजांनी बनलेला आहे असे मांडले. १९२४ साली ढाका विद्यापीठात शिकवणारे आपले सत्येंद्रनाथ बोस यांनी या पुंजांची मोजदाद करण्याची नवी रीत शोधली आणि ती थेट आइन्स्टाइन यांनाच लिहून पाठवली. आइन्स्टाइन यांनी स्वतः तिचे जर्मन भाषांतर करून ती छापवली.

तेव्हा क्वांटम हे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे आणि ते आपल्या घरात येऊन बसलेही आहे. सौर पंपाच्या पाट्या उन्हाची वीज करतात, गोठ्यातला एलईडी दिवा उजेड देतो, जमीन सपाट करणाऱ्या यंत्राचा लेसर किरण सरळ रेषेत जातो, हे सारे याच शास्त्रामुळे. भूमी अभिलेख खात्याचे मोजणीदार आता रोव्हर घेऊन येतात. तो ज्या उपग्रहांकडून जागा ठरवतो त्या उपग्रहांत अणुघड्याळे असतात. तीही याच शास्त्रावर चालतात. यांपैकी कोणत्याही वस्तूवर 'क्वांटम' असे लिहिलेले नसते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

बिट आणि क्यूबिट

आता संगणकाकडे वळू. विहिरीवरच्या मोटरीची कळ एक तर चालू असते किंवा बंद. साध्या संगणकात, म्हणजे तुमच्या मोबाइलमध्येही, अशाच अतिसूक्ष्म कळा असतात, पण त्या अब्जावधी असतात. चालू म्हणजे १ आणि बंद म्हणजे ०. अशा एका नोंदीला 'बिट' म्हणतात. तुमचा सातबारा, मुलीचा फोटो, बाजार समितीचे भाव हे सगळे मोबाइलच्या पोटात ० आणि १ यांच्या लांबच लांब ओळी असतात.

क्वांटम संगणकातल्या नोंदीला 'क्यूबिट' म्हणतात. एखादा अणू, प्रकाशाचा एखादा कण, किंवा अत्यंत थंड केलेला विजेचा सूक्ष्म मार्ग यांपासून तो बनवतात. क्यूबिटचा विशेष असा की, तो वाचून पाहण्यापूर्वी ० आणि १ या दोन्ही शक्यता एकाच वेळी बाळगून असतो. याला सुपरपोझिशन किंवा मराठीत अध्यारोपण म्हणतात. टेबलावर गरगर फिरणारे नाणे डोळ्यांसमोर आणा. ते छापाही नसते आणि काटाही नसते. हात ठेवला की त्यातले एक होते. क्यूबिटही वाचायला गेले की एक तर ० देतो किंवा १. दाखला अगदी तंतोतंत नाही, कारण फिरत्या नाण्याची बाजू बारीक नजरेने सांगता येईल, क्यूबिटमध्ये मात्र वाचण्यापूर्वी अशी ठरलेली बाजूच नसते. पण समजूत पटण्यास तो पुरेसा आहे.

याचा फायदा काय? एका क्यूबिटात २ शक्यता, दोघांत ४, तिघांत ८. बुद्धिबळाच्या पटावर प्रत्येक घरात दुप्पट गहू मागणाऱ्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. हिशेब तसाच चढतो. १० क्यूबिटांत १,०२४ शक्यता, २० मध्ये १० लाख ४८ हजार ५७६, ३० मध्ये १०७ कोटींहून अधिक. ३०० क्यूबिटांपर्यंत गेलो तर तो आकडा आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातील अणूंच्या संख्येपेक्षा मोठा होतो. एवढ्या शक्यतांची नोंद जगातल्या कोणत्याही साध्या संगणकात मावणार नाही.

जोडीचे गूढ

दोन क्यूबिट असे जोडता येतात की दोघांची उत्तरे एकमेकांशी बांधली जातात. याला एंटँगलमेंट म्हणतात. आपण गुंफण म्हणू. चपलांच्या जोडातली एक चप्पल पुण्याला आणि दुसरी नागपूरला पाठवली, तर पुण्याला डावी निघाल्याबरोबर नागपूरला उजवी आहे हे कळते. पण चपला खोक्यात भरतानाच डावी-उजवी ठरलेली असते. गुंफलेल्या क्यूबिटांत आधी काहीच ठरलेले नसते, तरी वाचल्यावर उत्तरे जुळतात. हे प्रयोगांनी पक्के करणाऱ्या आलँ आस्पे, जॉन क्लाउझर आणि आंटोन त्साइलिंगर यांना २०२२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. या गुंफणीतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला निरोप धाडता येत नाही, की कसली शक्तीही पाठवता येत नाही. उद्या कोणी "शेताचा फोटो पाठवा, आम्ही क्वांटम लहरींनी दुरूनच कीड घालवतो" असे म्हणाला, तर तो शास्त्राचे नाव घेऊन अशास्त्र विकतो आहे असे खुशाल समजावे.

लाटांची बेरीज-वजाबाकी

क्वांटम संगणक सगळी उत्तरे एकदम तपासतो आणि बरोबर ते उचलून देतो, असे पुष्कळ ठिकाणी छापून येते. ते बरोबर नाही. शक्यता कोट्यवधी असल्या तरी वाचायला गेले की हाती एकच येते, आणि ते कोणते येईल याचा नेम नसतो. मग उपयोग काय?

शेततळ्यात दोन खडे थोड्या अंतरावर टाकून पाहा. दोन्हींच्या लाटा जेथे भेटतात तेथे काही ठिकाणी पाणी दुप्पट उंच उठते, तर काही ठिकाणी लाटेत लाट जिरून पाणी संथ राहते. क्यूबिटांमधल्या शक्यताही लाटांसारख्या वागतात. चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींत जिरतील आणि बरोबर उत्तराची लाट उंच उठेल, अशी मांडणी करणे हीच क्वांटम संगणकाची सारी कला. अशी मांडणी मोजक्याच प्रश्नांसाठी सापडली आहे. पीटर शोर यांनी १९९४ साली मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यासाठी ती शोधली. लव ग्रोव्हर यांनी १९९६ साली शोध घेण्याच्या कामासाठी. म्हणून हा संगणक म्हणजे जास्त वेगाने पळणारा साधा संगणक नव्हे. कोळपे कितीही चांगले असले तरी त्याने मळणी होत नाही. तसेच हे निराळ्या कामाचे निराळे अवजार आहे. पीक विम्याचा अर्ज भरायला किंवा दुधाचा हिशेब ठेवायला त्याचा उपयोग नाही आणि होणारही नाही.

थंडी आणि चुका

क्यूबिट फार नाजूक असतो. थोडी उष्णता, थोडा धक्का, विजेची थोडी गडबड झाली की त्याच्यातल्या शक्यता विस्कटतात. गूगल आणि आयबीएम यांच्या यंत्रांतील क्यूबिट उणे २७३ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे निसर्गात शक्य असलेल्या सर्वांत नीच तापमानाच्या अगदी जवळ ठेवावे लागतात. तरीही चुका होतातच.

कापसाच्या लागवडीत आपण एका जागी दोन-तीन सरक्या टोकतो. एखादी उगवली नाही तरी जागा रिकामी राहत नाही. क्वांटम संगणकातही असाच मार्ग काढला आहे. पुष्कळ कच्चे क्यूबिट मिळून एका भरवशाच्या क्यूबिटचे काम करतात. गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये १०५ क्यूबिटांच्या 'विलो' या चिपवर दाखवले की, असा गट मोठा करत गेले तशी चूक दर पायरीला निम्म्यावर येत गेली. ही मोठी प्रगती होय. पण त्यासाठी शंभराच्या आसपास कच्चे क्यूबिट खर्चून हाती आला तो एक बरा क्यूबिट.

आपल्या देशातही काम चालू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातील संरक्षण संशोधन संस्थेची क्वांटम प्रयोगशाळा आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून ६ क्यूबिटांच्या यंत्राची चाचणी पूर्ण केली. राष्ट्रीय अभियानाचे उद्दिष्ट आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटांपर्यंत जाण्याचे आहे. अभियानाच्या चार केंद्रांपैकी सूक्ष्म मोजमापाच्या उपकरणांचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे.

नत्राचे कोडे

आता शेतकऱ्याच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. हवेत ७८ टक्के नत्र आहे. आपल्या एकेका एकरावर नत्राचा डोंगर उभा आहे, पण पिकाला तो घेता येत नाही. कारण नत्राचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली ही पकड सोडवून प्रयोगशाळेत अमोनिया बनवला आणि कार्ल बॉश यांच्या पद्धतीने १९१३ साली त्याचा कारखाना सुरू झाला. आजही युरियासाठी लागणारा अमोनिया त्याच तत्त्वावर तयार होतो. अलिबागजवळच्या थळ येथील कारखान्यातही हेच काम चालते. त्यासाठी ४०० ते ५०० अंश उष्णता, हवेच्या शंभर ते अडीचशे पट दाब आणि नैसर्गिक वायू लागतो. जगातल्या एकूण ऊर्जेच्या वापरापैकी सुमारे दोन टक्के ऊर्जा अमोनियाच्या कामी जाते. तुम्ही ४५ किलोचे युरियाचे पोते उचलता, त्यात ४६ टक्के म्हणजे सुमारे २० किलो ७०० ग्रॅम नत्र असतो. त्यामागे एवढा खटाटोप आहे. वायूचे भाव भडकले की सरकारचा अनुदानाचा बोजा वाढतो, तो याचमुळे.

उलट, तूर, हरभरा किंवा भुईमूग उपटून मुळे पाहा. त्यांवरची गाठ नखाने फोडली आणि आतून गुलाबी निघाली, तर तिच्यातले रायझोबियम जिवाणू काम करत आहेत असे समजावे. कारखान्याला जे भट्टीत आणि प्रचंड दाबाखाली करावे लागते, ते हे जिवाणू साध्या मातीत, साध्या दाबावर करतात. पिकाकडून साखर घेतात आणि बदल्यात नत्र देतात. हे काम करणाऱ्या विकराचे नाव नायट्रोजिनेज. त्याच्या गाभ्यात लोहाचे ७ अणू, गंधकाचे ९, मॉलिब्डेनमचा १ आणि कर्बाचा १ अशी गाठ असते. कडधान्यांना मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य का लागते, त्याचे कारण हेच.

ही लहानशी गाठ नत्राची पकड नेमकी कशी सोडवते, याचा पायरीपायरीने संपूर्ण हिशेब अजून लागलेला नाही. तिच्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांवर इतके अवलंबून असतात की, त्यांच्या मांडणीच्या शक्यता गव्हाच्या दाण्यांसारख्या दुपटीने वाढत जातात आणि महासंगणकही थकतो. अमेरिकेचे रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ सालीच म्हटले होते की, निसर्ग क्वांटम नियमांनी चालत असेल तर त्याची नक्कल करणारे यंत्रही क्वांटम नियमांचेच हवे. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील झ्युरिकची तंत्रविद्या संस्था आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी या विकराचा हिशेब क्वांटम संगणकावर कसा मांडता येईल, हे दाखवले. तो सुटला तर कमी उष्णतेत, कमी दाबावर नत्रखत बनवण्याचा मार्ग शोधायला मदत होईल.

आता व्यवहाराचा आकडा पाहा. २०२१ मध्ये झालेल्या एका हिशेबानुसार हे काम चार दिवसांत उरकायला सुमारे ४० लाख क्यूबिट लागतील. आयबीएमने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मोठ्या चिपवर १,१२१ होते. रीती सुधारतील तसा ४० लाखांचा आकडा खाली येईल, यंत्रेही वाढतील. पण मधले अंतर मोठे आहे. शिवाय हिशेब सुटणे वेगळे आणि त्यावरून कारखाना उभा राहणे वेगळे. तेव्हा क्वांटम संगणकामुळे खत स्वस्त होईल म्हणून कोणी वाट पाहत बसू नये.

बँकेचे कुलूप

दुसरा प्रश्न पैशाचा. बाजरी आणि राळा एकत्र मिसळायला क्षण लागत नाही, पण दाणा दाणा वेगळा करायला दिवस जातो. आकड्यांचेही तसेच. ५३ ला ६१ ने गुणले की ३,२३३ येतात, हे पोरही सांगेल. पण ३,२३३ कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार, हे शोधायला वेळ लागतो. संख्या शेकडो आकडी असल्या तर साध्या संगणकाला ते जवळजवळ अशक्यच. इंटरनेटवरच्या व्यवहारांची पुष्कळशी कुलपे या अवघडपणावर उभी आहेत. शोर यांची रीत वापरून मोठा क्वांटम संगणक ती उघडू शकेल. त्यासाठी २ कोटी क्यूबिट लागतील असा अंदाज २०१९ मध्ये होता. २०२५ मध्ये तो १० लाखांच्या खाली आला. एवढे मोठे यंत्र अजून कुठेच नाही. पण सावधगिरी म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये तीन नव्या, क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या पद्धती ठरवून दिल्या आहेत. कुलपे बदलण्याचे काम बँकांचे आणि मोबाइल बनवणाऱ्यांचे आहे. खातेदाराने फक्त बँकेचे ॲप वेळोवेळी अद्ययावत ठेवावे.

आजचे चोर कुलूप फोडत नाहीत, ते किल्ली आपल्याकडूनच मागून घेतात. "तुमच्या खात्याला क्वांटम सुरक्षा लावायची आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजून ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पावसाच्या अंदाजाबद्दलही हेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०२४ मध्ये बसवलेला 'अर्का' हा महासंगणक फार मोठा असला तरी साध्या बिटांवरच चालतो. क्वांटम संगणकाने सांगितलेला पाऊस म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

दारात माल आला तर

क्वांटम खत, क्वांटम पाणी, क्वांटम लहरींचे यंत्र, असे काही घेऊन कोणी आले तर त्याला पुढील प्रश्न विचारावेत.

१. खत असेल तर पिशवीवर अन्नद्रव्यांचे टक्के, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि बॅच क्रमांक छापला आहे काय? १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार तो हवा. वाढ संवर्धके म्हणजे बायोस्टिम्युलंटही २०२१ पासून या आदेशाखाली आली आहेत.

२. कीडनाशक असेल तर १९६८ च्या कायद्याखालचा नोंदणी क्रमांक आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण आहे काय?

३. विक्रेत्याकडे परवाना आहे काय आणि तो पक्के बिल देतो काय?

४. आपल्या भागातील कृषी विद्यापीठाने त्याची शिफारस केली आहे काय?

या चारांची उत्तरे मिळाली नाहीत तर माल घेऊ नये आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना कळवावे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक विनामूल्य आहे. शंका असेल तर आधी एखाद्या गुंठ्यावर वापरून शेजारी तेवढाच पट्टा मोकळा ठेवावा आणि दोन्हींचे उत्पन्न तोलून पाहावे. तराजूला मालाचे नाव कळत नाही.

नत्राच्या बाबतीत आज हातात आहे ते मात्र सोडू नये. कडधान्ये व सोयाबीन पेरताना १० किलो बियाण्यास त्या पिकाच्या गटाचे रायझोबियम जिवाणू संवर्धक २५० ग्रॅम चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावावे, जिवाणू शेवटी. पाकिटावरची मुदत पाहूनच खरेदी करावी. शास्त्रज्ञांना ज्याचा हिशेब करायला ४० लाख क्यूबिट हवेत, ते काम हे जिवाणू त्या पाकिटाच्या किमतीत करून देतात.

आणि ज्या घरात मुला-मुलींना गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र यांची गोडी असेल, तेथे त्यांना अडवू नये. अभियांत्रिकीच्या पदवीला क्वांटम तंत्रज्ञान हा जोडविषय घेण्याची सोय आता झाली आहे. नायट्रोजिनेजचे कोडे सोडवायला संगणक जाणणारी माणसे लागतील, तशीच मुळावरची गाठ फोडून पाहिलेली माणसेही लागतील. ती शेतकऱ्याच्याच घरातून निघू शकतात.